दहा उंटांचं पाणी

उत्पत्तीच्या पुस्तकात जग निर्माण करायला एक अध्याय पुरला आहे. ३१ वचनांत आकाश, पृथ्वी, मासे, पाखरं, गुरंढोरं आणि माणूस, सगळं उरकलं. त्याच पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात इसहाकासाठी मुलगी बघायला माणूस निघाला, तर ६७ वचनं लागली. सबंध उत्पत्तीत याहून लांब अध्याय नाही. आमच्याकडे सध्या भाचीचं बघणं चाललंय, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही. ६७ वचनांत उरकलं कसं, याचंच वाटतं.

भाची पुण्यात हिंजवडीला असते, कंपनीत आहे, स्वतःचं भाडं स्वतः भरते. तिने यंदा घरात जाहीर केलं की स्थळ मी माझं बघणार, ॲपवर. माझ्या बहिणीने तातडीने उपवास-प्रार्थना धरली. दाजींनी पेपर उघडून तोंडासमोर धरला, म्हणजे त्यांचं मत विरुद्ध. मग प्रकरण माझ्याकडे निवाड्याला आलं, कारण संडे स्कूल शिकवण्यात माझी हयात गेली आणि बायबलातलं कुठलंही लग्न कसं जमलं हे मला विचारावं अशी घरात पद्धत आहे. मी म्हटलं, अब्राहामाने आपल्या नोकराला उंटांवर बसवून शेकडो कोस का धाडलं? जवळपास मनासारखं स्थळ नव्हतं म्हणूनच ना? मग पोरीने दोन उंट जास्त पळवले तर बिघडलं कुठं?

आमची अडचण बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती भरले १० लाख ८० हजार. शंभरात एक धड नाही. त्यातून वसईचे, मुंबईचे कॅथलिक बाजूला काढा, केरळी आणि तमिळ मंडळी बाजूला काढा, आणि मग उरलेल्यांत शिकलेला, नोकरीतला, दारूला न शिवणारा आणि नात्यात न लागणारा मुलगा शोधा. शेवटची अट सगळ्यात कठीण. आमच्या नगरकडे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं) कुठल्याही दोन ख्रिस्ती घरांत पाच मिनिटं बोलणं झालं की एक तरी आत्या सामाईक निघते.

याला कारण मिशनांचा नकाशा. मिशनऱ्यांनी मुलूख आपसांत वाटून घेतले होते. नगर, राहुरी, वडाळा, सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे. कोल्हापूर, सांगली, मिरज प्रेस्बिटेरियनांकडे. अकोल्याकडे अलायन्स, बुलढाण्याकडे नाझरीन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट. सुवार्तेसाठी केलेली ही वाटणी सोयरिकींनाही लागू पडली. नगरची मुलगी राहुरीला जायची, राहुरीची वडाळ्याला. यवतमाळचा जावई आला तर लोक खिडकीतून बघत. १९७०मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) उभी राहिली, बऱ्याच मंडळ्या एका छताखाली आल्या, पण लग्नाची बोलणी जुन्याच वाटांनी चालू राहिली. ती वाट मोडली ती ॲपने. भाचीच्या फोनवर आमच्या समोर बसून नागपूर, नंदुरबार, सिंगापूर आणि टोरांटो असे चार मुलगे एका दमात सरकले. मला वाटतं, आमच्या सगळ्या चर्चांनी मिळून ठराव करून जे जमवलं नाही ते त्या अंगठ्याने केलं.

आता त्या मुलांनी स्वतःविषयी लिहिलेलं वाचायचं म्हणजे आधी चष्मा, मग धीर. सगळे देवभीरू. एकजात. देवाला न भिणारा एकही मुलगा ॲपवर नाही, मग ही सगळी माणसं रविवारी असतात कुठे, असा प्रश्न आमच्या पाळकसाहेबांना पडावा. निम्म्यांच्या हातात गिटार. गिटारवाल्यांपैकी एकाच्या गिटारीला चारच तारा होत्या, हे भाचीने दाखवलं, मला कळलं नसतं. आणि आवडतं वचन बहुतेकांचं एकच, यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्याविषयी चांगले बेत आहेत, असं ते वचन. वाचून बरं वाटतं, नाही असं नाही. पण ते आहे बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात, आणि त्याच्या लगेच वरच्या वचनात सांगितलंय की सुटका होईल, सत्तर वर्षांनी. लग्नाळू मुलाने एवढी वाट बघायची तयारी दाखवावी हे कौतुकाचं. त्याहून गंमत म्हणजे त्याच पत्रात, चार-पाच वचनं वर, यिर्मया त्या लोकांना सरळ सांगतो की लग्नं करा, पोरंबाळं होऊ द्या, मुलामुलींचीही लग्नं लावून द्या. लग्नाच्या ॲपवर टाकायला याहून चोख वचन कुठलं? ते कुणी टाकत नाही. वर वाचायची सवयच नाही.

एका रकान्याचं मात्र हसू येत नाही. मंडळी कुठली, हे विचारतात तिथपर्यंत ठीक, सीएनआय का मेथडिस्ट का मुक्तिफौज, माणसाला उपासनेची सवय असते. पण दोन-तीन दिवस बोलणं झालं की हळूच येतं, तुमचे मूळचे कोण? बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडालं असं आपण वेदीवरून सांगतो ते स्थळं बघताना बरोबर वर तरंगतं. मी भाचीला म्हटलं, असं विचारणारा कितीही उंच असला तरी त्याला पुढे सरकव. ती म्हणाली, मावशी, मी केव्हाच सरकवला. या पिढीचं मला कौतुक वाटतं ते अशा वेळी.

फोटोंबद्दल बोलायचं तर याकोबापासून सुरुवात करायला हवी. सात वर्षं त्याने राहेलीसाठी लाबानाची मेंढरं राखली, लग्न लागलं, आणि सकाळी उजाडल्यावर बघतो तो तिची थोरली बहीण लेआ. माणूस रोज डोळ्यांसमोर होता, गाव एक, घर एक, तरी फसवणूक झाली. फोनवरच्या फोटोवर विसंबणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. अर्थात लेआचा त्यात काय दोष? घोळ घातला बापाने, लाबानाने. आमच्याकडेही कित्येक प्रोफाइलं मुलांची नसतात, बापांची असतात. ‘मुलगा अत्यंत आज्ञाधारक’ असं वाक्य दिसलं की ओळखावं, टायपिंग लाबानाचं आहे.

पण मला खरं सांगायचंय ते रिबकेबद्दल. अब्राहामाचा नोकर नाहोराच्या नगराबाहेर विहिरीपाशी थांबला, संध्याकाळची वेळ, बायका पाण्याला येण्याची. त्याने मनाशी ठरवलं, जी मुलगी मला पाणी देईल आणि आपणहून म्हणेल की उंटांनाही पाजते, तीच इसहाकाची. संडे स्कूलमध्ये हे सांगितलं की पोरं पुढे सरकतात, मोठी माणसंही हे चटकन ओलांडून पुढे जातात. जरा हिशेब करून बघा. तहानलेला उंट एका बैठकीत शंभर लिटर पाणी पिऊ शकतो. उंट दहा. आणि आले होते वाळवंट तुडवून. रिबकेच्या खांद्यावर एक घागर, खाली उतरून भरायची, वर येऊन डोणीत ओतायची, पुन्हा पळत खाली. दहा-बारा लिटरची घागर धरली, उंट अर्धेच तहानलेले धरले, तरी चाळीस-पन्नास खेपा होतात. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, टँकरची वाट बघत जिची दुष्काळी वर्षं गेली तिला. दोन हंड्यांनंतर खांदा काय म्हणतो ते ती सांगेल. आणि हे सगळं होत असताना तो नोकर गप्प उभा राहून बघत होता. बायबलात तसं स्पष्ट आहे. हात लावल्याचा उल्लेख नाही. मुलाकडची माणसं तेव्हाही तशीच.

रिबका दिसायला सुंदर होती, हेही तिथे लिहिलंय. नोकराने ते बघितलंच असणार, त्यालाही डोळे होते. पण त्याने देवाकडे जी खूण मागितली त्यात रूप नव्हतं, घराणं नव्हतं, तिची प्रार्थना किती लांब चालते हेही नव्हतं. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही अशा अनोळखी म्हाताऱ्याच्या जनावरांसाठी ही मुलगी किती राबते, एवढंच त्याने बघितलं. सोन्याची नथ आणि बांगड्या त्याने उंटांचं पिऊन झाल्यावर बाहेर काढल्या, आधी नाही. आधी काढल्या असत्या तर गावातल्या साऱ्या मुली घागरी घेऊन पळत आल्या असत्या, आणि रिबकेचा भाऊ सगळ्यांच्या पुढे. नथ बघून लाबान कसा विहिरीकडे धावला ते पुढच्याच वचनांत आहे.

तर ॲपवर उंट कुठून आणायचे, हा भाचीचा प्रश्न रास्त होता. लिहिण्यात सगळेच गोड. मी तिला म्हटलं, गप्पा मारताना त्याच्या घरचे आवाज ऐकत जा. ते लपत नाहीत. आणि झालंही तसंच. मिरजेकडचा एक मुलगा, बँकेत आहे, त्याच्याशी तिचा व्हिडिओ कॉल चालला होता आणि मी बाजूला लसूण सोलत बसले होते, कॅमेऱ्यात न येता, पण कानांनी हजर. तो गंभीरपणे देवाच्या योजनेविषयी काहीतरी बोलत होता. इतक्यात मागून बाईचा आवाज आला, अरे, टाकी भरून वाहतेय, मोटार बंद कर, आणि वरच्या आजींकडे दोन बादल्या नेऊन दे, त्यांचा नळ आला नाही. देवाची योजना अर्धवट टाकून तो उठला. फोन तसाच. आम्हाला दिसत होती एक रिकामी खुर्ची, भिंतीवर मागच्या वर्षाचं चर्चचं कॅलेंडर आणि फिरणारा पंखा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भाचीने फोन ठेवला नाही. मीही लसूण सोलायची थांबले. तो आला तेव्हा शर्टाची एक बाही खांद्यापर्यंत भिजलेली, दम लागलेला. म्हणाला, सॉरी, आजींनी गुळाचा चहा घ्यायला लावला. आजी त्याच्या कुणी लागत नव्हत्या, भाडेकरू होत्या, तेही कॅथलिक. देवाच्या योजनेवरचं त्याचं उरलेलं बोलणं काय झालं ते आम्हाला आठवत नाही. बादल्या आठवतात.

याचा अर्थ लगेच साखरपुड्याला लागा असं नाही. मी त्याच्या पाळकांचा नंबर मिळवलाय आणि तो कुठल्या मंडळीत बसतो, प्रीतिभोजन झाल्यावर पातेली कोण घासतं आणि सतरंज्या कोण उचलतं, याची चौकशी चालू आहे. बवाजाने रूथेबद्दल हेच केलं होतं. शेतात नवी बाई दिसली तेव्हा तिला विचारायच्या आधी मुकादमाला विचारलं, ही कोण, कशी आहे. आणि पुढे लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्याने आपणहून सांगितलं की माझ्याआधी हक्क असलेला एक जवळचा नातलग आहे, त्याला आधी विचारलं पाहिजे. आपल्या अडचणीचं इतकं सरळ कथन मी ॲपवर अजून वाचलेलं नाही. तिथे आधीचा मोडलेला साखरपुडा पाचव्या भेटीत कळतो, तोही तिसऱ्याच माणसाकडून.

आमच्याच लोकांत सापडणारा एक प्रकार वेगळा. ओळख होऊन आठवडा झालेला नसतो आणि मुलगा लिहितो, मी प्रार्थना केली, प्रभूने माझ्या मनात घातलं की तूच ती. यावर मुलीने काय बोलायचं? नाही म्हणावं तर देवाला नाही म्हटल्यासारखं. हा देव नेहमी मुलालाच का सांगतो, मुलीला का नाही, हे कुणी विचारत नाही. पुन्हा चोविसावा अध्याय बघा. नोकराने खूण मागितली ती मनातल्या मनात. ‘देवाने तुला निवडलंय, चल, उंटांना पाज’ असं तो विहिरीवर म्हणाला नाही. रात्री घरी जेवायच्या आधी त्याने सगळी हकीकत सांगितली, लाबान आणि मुलीचा बाप बथुवेल म्हणाले, हे देवाकडूनच आहे, आम्ही काय बोलणार. तरीही सकाळी मुलीला बोलावलं आणि विचारलं, या माणसाबरोबर जातेस का. देवाचं ठरल्यावरसुद्धा मुलीला विचारलं, हे मला त्या ६७ वचनांतलं सगळ्यात मोठं वाटतं. तिने जाते म्हटलं, मग उंट उठले.

दुसरा प्रकार हसण्यावारी न्यायचा नाही. ‘प्रभूमध्ये प्रिय भगिनी’ अशी सुरुवात करणारा परदेशातला विधुर डॉक्टर, नाहीतर भर समुद्रात तेलविहिरीवर काम करणारा इंजिनियर. बायको आजाराने गेलेली, एक लहान मुलगी, रोज पहाटे एक स्तोत्र न चुकता. कॅमेरा मात्र कायम बिघडलेला. मरीयेला निरोप द्यायला गब्रीएल दूत नासरेथला स्वतः आला होता, आणि याला एक व्हिडिओ कॉल जमत नाही. मग एक दिवस भेटवस्तूंचं पार्सल निघतं, ते विमानतळावर अडकतं, आणि कस्टम्समधून म्हणून एका बाईचा फोन येतो की अमुक खात्यात एवढे भरा. कस्टम्सवाले कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला लावत नाहीत. एकट्या राहणाऱ्या बायका, विधवा, उशिरापर्यंत लग्न न झालेल्या शिक्षिका, नर्सबाई, या यात सापडतात, आणि मंडळी काय म्हणेल म्हणून तोंड उघडत नाहीत. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० हा नंबर फिरवावा, जितका उशीर तितके पैसे पुढे पळतात. आणि मंडळीने अशा बाईला शहाणपण शिकवू नये, चहा करून द्यावा. प्रभूने शिष्यांना कबुतरासारखं निरुपद्रवी राहायला सांगितलं तेव्हा त्याआधी सापासारखं हुशार राहायलाही सांगितलं होतं. आपण कबुतर तेवढं पाठ केलं.

परधर्मातल्या मुलाशी ॲपवर मन जुळलं तर काय, हा विषय निघाला की आमच्याकडे एक बाजू करिंथकरांस पत्रातलं, विश्वास नसणाऱ्याबरोबर मानेवर घेऊ नये असं सांगितलेलं जू काढते आणि दुसरी दार आपटून जाते. मी दोघांनाही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सांगते. त्यांचे पती ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं त्या दोघांनी कशी काढली ते लक्ष्मीबाईंनी हसवत हसवत सांगितलंय, पण हसता हसता घास अडकतो. तीही दोघं एकमेकांवर जीव टाकणारी, आधीच लग्न झालेली. ‘लग्नानंतर तो येईल गं चर्चला’ म्हणणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते की नवरा म्हणजे मिशनचं क्षेत्र नव्हे. जे पटत असेल ते त्याच्या आजच्या रूपात पटलं पाहिजे, आणि आपला विश्वास आहे तसा आजच त्याच्यासमोर मांडता आला पाहिजे. तो लपवून जुळलेलं मन फार दिवस जुळत नाही.

राहता राहिली प्रत्यक्ष भेट. रात्री बारापर्यंत टाइप करत बसण्यापेक्षा लवकर भेटलेलं बरं, अंधारात सगळ्यांचंच बोलणं मऊ होतं. गीतरत्नात प्रेमाला वेळेआधी जागं करू नका, असं तीनदा बजावलंय, आणि ते काही मोबाइलच्या काळात लिहिलेलं नाही. भेटीच्या वेळेसाठी मी १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचा आधार घेते. त्यात म्हटलंय की लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात लागावं, काही मोजके अपवाद सोडून. इंग्रजांनी हे का घातलं असेल ते असो, पहिल्या चार-पाच भेटींना हेच कलम लावावं. दिवसाउजेडी, चार माणसांत, घरात कुणाला तरी सांगून. भाचीने आधी नाक मुरडलं, मग मिरजेच्या मुलाला कळवलं की आपण सकाळी अकराला भेटू, कायदा आहे.

आमच्या चर्चांत लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारायची रीत आहे, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. ॲपला ती पुकार नाही, तीच त्याची उणीव. तेव्हा पोरींनो, पोरांनो, ॲप खुशाल वापरा, पण मन बसलं की पहिल्या महिन्यातच ते नाव महिला संघातल्या एखाद्या मावशीच्या कानावर घाला. आम्ही चौकशी करतोच, तुम्ही सांगा न सांगा. सांगितलंत तर निदान जे कळेल ते आधी तुम्हाला कळेल.